चीं आणि गूं

गुरुवारी दुपारी जेवून जरा लवंडलो होतो. उशाशी अ‍ॅम्प्लिफायर बारीक आवाजात चालू होता, आणि लाइट गेली. पंखा मंदावला, फ्रीजने एक हुंदका दिला आणि तो गप्प झाला. गाणं मात्र चालूच. मीटरचे पिवळे दिवे विझले तरी त्यांच्या सुया नाचत राहिल्या. दोन सेकंद, तीन सेकंद. मग तबला फाटला, आवाज सुकल्यासारखा झाला आणि सुया निजल्या.

यात जादू काही नाही. गाणं मोबाइलमधून वायरने येत होतं आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आहेत, टॉर्चच्या जाड सेलएवढे. त्यांच्यात साठलेली विजेची शिल्लक तेवढी पुरते. मला हे शाळेपासून माहीत आहे. तरी लाइट गेली की त्या तीन सेकंदांसाठी मी कान टवकारतोच.

लेक शेजारी अभ्यास करत होती. म्हणाली, "बाबा, शेवटी काय मस्त वाजलं! ती चीं बंद झाली ना."

"कुठली चीं?"

"असते की सारखी. दिवाळीपासून."

हे मला लागलं. आयुष्यात मी दुसरं काही केलं असेल-नसेल, पण नको असलेला आवाज हुडकून काढणे या एकाच कामावर इतकी वर्षं घालवली आहेत.

पहिला अ‍ॅम्प्लिफायर आठवीत असताना केला, साताऱ्याला. टीबीए ८१० नावाची आयसी, म्हणजे अख्खं सर्किट मावलेली चिप, म्हणायला ७ वॉटची. पाणी गार करेनासा झालेला माठ आईकडून मागून घेतला आणि त्याच्या तोंडावर स्पीकर बसवला. त्या काळी गल्लीत निम्म्या घरांत असा माठ घुमत असे. तबला असो, ढोलकी असो नाहीतर बातम्या, माठाचा सूर एकच. आम्हाला तो बेस वाटायचा.

मग १९९१ साली थर्टी-फिफ्टी-फाइव्ह या ट्रान्झिस्टरची जोडी घालून मोठा करायला घेतला. एसटीने पुण्याला यायचं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत शिरायचं, खिशात सामानाची चिठ्ठी. रेझिस्टरवरच्या रंगांचा क्रम लक्षात ठेवायला, त्यांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवलेला, बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटनचा तोंडाने जप. दुकानदार चिठ्ठी न वाचताच विचारायचा, "ओरिजिनल देऊ का साधा?" साधा म्हणजे वरून धातूची तीच टोपी, आतला सिलिकॉनचा तुकडा मात्र तांदळाच्या कणीएवढा. कागदावर ११५ वॉटचा ट्रान्झिस्टर, आणि जरा आवाज वाढवला की धूर. मी अर्थातच साधा घ्यायचो.

त्याला गार ठेवायला हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारा धातूचा पत्रा, हवी. ती महाग. म्हणून आईचं जर्मलचं ताट उचललं, भोकं पाडली आणि त्यावर ट्रान्झिस्टर आवळले. आईने ताट हाताला चटका बसेपर्यंत तापलेलं पाहिलं आणि म्हणाली, "आता भाकरी तरी भाजून दे यावर." या टोपीलाच ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांपैकी एक, कलेक्टर, जोडलेलं असतं, म्हणून टोपी आणि ताट यांच्या मध्ये अभ्रकाचा पापुद्रा घालावा लागतो. तो मी पहिल्या वेळी विसरलो. पुढचं सांगत नाही. ज्यांनी केलंय त्यांना तो वास अजून आठवत असेल.

दुसरी जोडी टिकली, पण गाण्यामागे गूं येत होतं. ट्रान्सफॉर्मर फिरवून बघितला, वायरींना पीळ घातले, अर्थिंगच्या सगळ्या वायरी एका स्क्रूवर आणल्या. गूं कमी झालं, गेलं नाही. समोरच्या काकू गाणं शिकवायच्या. एकदा साखर मागायला आल्या, दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुझा डबा पांढरी पाचमध्ये गातोय की! जरासा चढा आहे एवढंच."

मी घरी गणित केलं. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, ती एकाच दिशेने वळवणाऱ्या डायोडच्या पुलावरून आली की त्याचे १०० होतात. पेटीची खर्जातली पांढरी पाच म्हणजे ९८. पन्नास घ्या की शंभर, सूर तोच, फक्त सप्तक बदलतं. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना नुसतं ऐकू आलं होतं.

त्यानंतर या डब्यात काय काय बदललं याची मोजदाद नाही. २००४च्या थंडीत जॉन लिन्सले हूड या इंग्रज गृहस्थांचा १९६९ सालचा क्लास ए, म्हणजे गाणं नसतानाही पूर्ण वीज ओढणारा प्रकार, करून पाहिला. १० वॉट गाण्यासाठी एकेक बाजू बसल्याजागी ३२ वॉट खाते आणि त्याची शेगडी होते. ऐकायला अतिशय गोड. आमचं मांजर त्यावरून उठेना. मार्चमध्ये काढून ठेवला, मेमध्ये कुणी त्याचं नाव काढलं नाही. झाकणाचे चार स्क्रू कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत आहेत. झाकण लावलं की काम संपल्यासारखं होतं, म्हणून लावत नाही. आणि दिवा निळा नको. निळा दिवा लावलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून चांगला आवाज येऊ शकतो हे मला पटत नाही. हे शास्त्रीय नाही, माहीत आहे.

म्हणूनच दिवाळीत जुन्या टेपडेकचे सुयांचे मीटर बसवले आणि त्यांच्या पिवळ्या दिव्यांसाठी आत एक छोटा अ‍ॅडॉप्टर चिकटवला. चीं करणारा तोच. लाइट आल्यावर मी त्याला कान लावला. काही नाही. लेक दारातून म्हणाली, "येतेय की."

लहानपणी वाड्याच्या दिंडीतून शिरतानाच मला कळायचं की मागच्या बिऱ्हाडात टीव्ही चालू आहे. आवाज पूर्ण बंद करून मंडळी क्रिकेट बघत असली तरी कळायचं. चित्राच्या ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार १५,६२५. त्या सुरात टीव्हीची नळी बारीक किंचाळायची. मोठ्यांना सांगितलं तर ते म्हणायचे, याच्या कानात काहीतरी गेलंय.

लेकीने मोबाइलवर शिट्टी लावली आणि सेकंदाच्या कंपनांचा आकडा चढवत नेला. मला ११,००० पर्यंत नीट ऐकू आलं. मग नुसता आकडा वाढत राहिला आणि १७,००० ला तिने कान झाकले. गेल्याच वर्षी वरच्या सुरांत मोकळेपणा यावा म्हणून मी चार महागाचे कपॅसिटर बदलले होते. फरक मला स्पष्ट ऐकू आला होता.

संध्याकाळी अ‍ॅडॉप्टर उपटला आणि माळ्यावरच्या डब्यातला जुना ट्रान्सफॉर्मर, ६-०-६ व्होल्टचा, त्या जागी बसवला. जागा तेवढीच होती, सिग्नलच्या वायरीला अगदी खेटून. चालू केलं.

"गेली चीं?"

"गेली." ती जरा थांबली. "पण आता गूं येतंय."

"ते मलाही येतंय," मी म्हटलं. "राहू दे."