मधलं बेट, शेंडेफळ बेट

मॉरिशसला जावं की रियुनियनला, हा प्रश्न पडायला आधी रियुनियन नावाचं बेट आहे हे ठाऊक असावं लागतं. मराठी घरांत मॉरिशस कधीच पोचलेलं आहे. कुणाचा तरी मधुचंद्र तिथे झालेला असतो, कुणाकडे तिथला फ्रिजवर चिकटवायचा डोडो असतो. तिथून विमानाने पाऊण तासावर, पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे झुकलेलं रियुनियन मात्र आपल्या बोलण्यात येत नाही. आणि निसर्गासाठीच आठ-दहा दिवस काढून ठेवले असतील, तर खरी चुरस या दोघांतच आहे.

दोन्ही बेटं ज्वालामुखीने घडवलेली, दोन्ही लहान. मॉरिशसचं क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्मं. रियुनियन २,५१२, म्हणजे गोव्याच्या दोन-तृतीयांश. दोघांच्या तुलनेचे तक्ते बरेच मिळतात: हॉटेलं, जेवण, किनारे, खरेदी. मला मात्र वाटतं की इथे एकच गोष्ट विचारावी, आणि ती म्हणजे बेटाचं वय. बाकीचं त्यातूनच निघतं.

हिंदी महासागराच्या तळाखाली एक तप्त जागा आहे. ती जवळपास स्थिर राहते आणि वरचं भूकवच सरकत जातं. जळत्या चुलीवरून भाकरी हळूहळू सरकवत न्यावी आणि जिथे जाळ लागेल तिथे फोड उठावा, तसाच हा प्रकार. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते या चुलीवर उठलेला सर्वांत मोठा फोड म्हणजे आपलं दख्खन. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरांवर थर साचले. मग भारत उत्तरेकडे निघून गेला आणि वाटेत लक्षद्वीप-मालदीवची रांग सोडत गेला. ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं आणि वीस-तीस लाख वर्षांपूर्वी रियुनियन. हरिश्चंद्रगडाचा कातळ या घरातला थोरला, मॉरिशस मधलं आणि रियुनियन शेंडेफळ. शेंडेफळ अजून तापट आहे.

वयाचा परिणाम उंचीत दिसतो. मॉरिशस पावसापाण्याने झिजलंय. तिथलं सर्वोच्च शिखर ब्लॅक रिव्हर पीक ८२८ मीटर, रायगडाएवढंच. रियुनियनचं पितों दे नेझ ३,०७१ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. आणि ही उंची किनाऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरच्या आत गाठलेली. हे शिखर मधे आणि त्याच्या तीन बाजूंना सिलाओस, सालाझी, माफात ही तीन प्रचंड खोरी, बेलाच्या पानासारखी. चहूबाजूंनी उभे कडे. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे ओळखीचं काहीतरी दिसत राहतं: कातळाचे आडवे पट्टे, सोंडा, घळी, पावसात एका रात्रीत सुटणारे धबधबे. फक्त इथे कोकण पूर्वेला आहे आणि देश पश्चिमेला. वारे आग्नेयेकडून येतात, म्हणून सेंत-रोझ, सँ-बन्वाची पूर्व बाजू चिंब आणि सँ-जिलची पश्चिम बाजू कोरडी. मुक्काम ठरवताना एवढं ध्यानात ठेवलं, तर ‘पाचही दिवस पाऊसच होता’ ही तक्रार टळते.

तेच वय समुद्रातही उतरतं. प्रवाळाच्या भिंतीला उथळ पाणी लागतं आणि वेळ लागतो. मॉरिशसला दोन्ही मिळालं, त्यामुळे जवळजवळ सगळ्या बेटाला प्रवाळाचं कडं आहे आणि आत संथ, कमरेएवढ्या पाण्याचे पट्टे. रियुनियनचे उतार मात्र किनाऱ्यापासून लगेच खोल जातात, नद्या गाळ आणून ओततात. तिथे प्रवाळ फक्त पश्चिमेच्या थोड्या किनाऱ्याला. बाकी काळे दगड, काही ठिकाणी काळी वाळू आणि उघडा समुद्र. २०११ पासून शार्कचे हल्ले वाढले आणि २०१३ पासून प्रवाळाआतलं पाणी व देखरेखीच्या जागा सोडून इतरत्र पोहायला बंदी आली. पाण्याचं वेड असलेल्या माणसाने रियुनियनचं तिकीट काढून ‘समुद्र आहे, पण आत जाता येत नाही’ असं कुरकुरू नये. आधीच मॉरिशस धरावं.

तिथेही एक खबरदारी हवी. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे गोड्या पाण्यामुळे प्रवाळाच्या भिंतीत खिंड पडते आणि ओहोटीला आतलं सगळं पाणी त्याच खिंडीतून बाहेर ओढलं जातं. मासे बघत तरंगणारा माणूस मान खाली घालून असतो. आपण वाहत चाललोय हे त्याला उशिरा कळतं. म्हणून पांढरा फेस जिथे अचानक तुटलेला दिसतो त्या रेषेपासून लांब राहायचं. पायात रबरी बूट हवेतच, कारण दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा तळाशी पडून असतो. जुलै-ऑगस्टमध्ये वारा जोरात असतो, तेव्हा पूर्व आणि आग्नेय किनारा सोडून पश्चिमेला किंवा उत्तरेला राहिलेलं बरं.

आता रियुनियनच्या धगीकडे. पितों द ला फुर्नेझ (२,६३२ मीटर) हा जगातल्या सर्वांत सक्रिय ज्वालामुखींपैकी एक. कधी वर्षात तीन-चारदा उसळतो, कधी वर्ष-दोन वर्षं गप्प. लाव्हा पातळ, त्यामुळे स्फोटापेक्षा वाहणंच जास्त, आणि तेही बहुधा उभ्या कड्यांच्या, घोड्याच्या नालेसारख्या एका मोठ्या कुंपणाच्या आत. कधीतरी मात्र तो कुंपण ओलांडतो. १९७७ मध्ये पितों सेंत-रोझ गावात लाव्हा चर्चच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही अंगांनी वळसा घालून पुढे गेला. चर्च अजून उभं आहे. एप्रिल २००७ मध्ये शिखरावरचं दोलोमिओ विवर तीनशे मीटरहून जास्त खचलं आणि लाव्हा समुद्रात उतरून बेट थोडं वाढलं. उद्रेक सुरू झाला की विवराच्या वाटेचं फाटक प्रशासन बंद करतं. त्यामुळे ‘लाव्हा बघायला’ म्हणून तारखा ठरवण्यात अर्थ नाही. तो दिसला तर नशीब, न दिसला तरी ती वाट सोडू नये.

वाट अशी आहे. बूर-म्युरा गावातून गाडी वर चढते, झाडं संपतात, मग मुरमाचं तांबूस-काळं, उजाड पठार लागतं आणि शेवटी पा द बेलकोंबचा वाहनतळ, २,३११ मीटर. तिथून पाचशेच्या आसपास पायऱ्या खाली, कुंपणाच्या तळाशी. मग गोठलेल्या लाव्हावरून, दगडांवर मारलेले पांढऱ्या रंगाचे ठिपके धरत विवराच्या काठापर्यंत. जाऊन-येऊन पाच ते सहा तास. चूक होते ती तीन ठिकाणी. पहिली, उशिरा निघणं. सकाळी नऊ-दहापासून ढग चढायला लागतात. मग विवराऐवजी पांढरा पडदा बघायचा आणि परतताना ठिपकाही दिसत नाही. धुकं आलं तर पुढचा ठिपका दिसल्याशिवाय हातातला ठिपका सोडायचा नाही. दुसरी, पाणी. कुंपणाच्या आत कुठेही पाणी नाही. माणशी दोन लिटर लागतंच. तिसरी, त्या पायऱ्या. जाताना उतरलेल्या पायऱ्या येताना, पाय थकलेले असताना चढायच्या असतात, हे निघताना कुणी मोजत नाही. गुळगुळीत तळव्यांचे जुने बूट घालून येऊ नये, आणि पायवाट सोडून फोटोला जाऊ नये. लाव्हाची साय काही ठिकाणी पातळ असते आणि खाली पोकळी असते.

थंडीचा हिशेब सोपा आहे. दर शंभर मीटरला पारा साधारण ०.६ अंश उतरतो. किनाऱ्यावर २४ अंश असताना पितों दे नेझच्या माथ्यावर पाच-सहा, आणि जुलैतल्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातल्या, पहाटे शून्याच्या जवळपास. या शिखराची रीत अशी: दुपारी सिलाओसजवळच्या ल ब्लॉकपासून चढायला लागायचं, तीनेक तासांनी काव्हर्न द्युफूरच्या निवाऱ्यात (२,४७९ मीटर) जेवून झोपायचं, भल्या पहाटे हेडटॉर्च लावून दीड-दोन तासांत माथा गाठायचा. निवाऱ्यातल्या खाटा मोजक्या असतात. मोसमात महिने आधी भरतात. सुती बनियन घामाने भिजला की वर कुडकुडायला होतं, म्हणून लवकर वाळणारे कपडे आणि एक कोरडा जोड पिशवीत असावा. जुलैत सूर्य संध्याकाळी सहाच्या आत मावळतो. उन्हाळी सुट्टीच्या हिशेबाने निघालेले लोक तिथेच अंधारात सापडतात.

सिलाओसला जाणाऱ्या रस्त्याला चारशे वळणं म्हणतात. पोटाचं औषध निघण्याआधी अर्धा तास घ्यायचं, विसाव्या वळणावर नाही. माफातमध्ये तर रस्ताच नाही. कॉल दे बफच्या खिंडीतून दोनेक तास चालत ला नुव्हेल गावी पोचायचं. किराणा, गॅस, बाटल्या हेलिकॉप्टरने येतात, त्यामुळे भावही उडत आलेले असतात. एटीएम नाही, रोख युरो जवळ हवेत. शाकाहारी असाल तर निवाऱ्याला आरक्षणातच कळवायचं. मग ताटात भात, घेवड्याच्या किंवा मसुराच्या जातीचं काहीतरी (सिलाओसचा मसूर नावाजलेला), चायोट नावाच्या वेलाच्या कोवळ्या शेंड्यांची पालेभाजी आणि ‘आशार’ येतं. हळद घातलेलं हे भाज्यांचं लोणचं म्हणजे आपलं अचारच, फ्रेंच बोलायला शिकलेलं. न कळवता गेलात तर रुगाय, म्हणजे टोमॅटोच्या रश्शातलं सॉसेज, समोर येईल आणि पर्याय नसेल.

मॉरिशसचा निसर्ग याच्या उलट, शोधून काढावा लागतो. सपाट जमीन उसाने व्यापलेली, मूळ जंगल दोन टक्क्यांच्याही खाली उरलेलं. १९९४ मध्ये झालेलं ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान त्यातल्या बऱ्याचशा भागाला धरून आहे. त्यातही चिनी पेरूने घुसखोरी केलीय: लाल, आंबटगोड, खायला छान आणि जंगलाला घातक. इथे बघायचे ते पक्षी, आणि तेही त्यांची गोष्ट माहीत करून. मॉरिशसचे खरूची (केस्ट्रेल, लहान ससाणे) १९७४ मध्ये जंगलात फक्त चार उरले होते. गुलाबी कबुतर १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास. दोघंही माणसांनी अंडी उबवून, घरटी टांगून, मांजर-मुंगूस-उंदीर आवरून परत आणलेले. उद्यानाच्या पेत्रँच्या बाजूला सकाळी लवकर उभं राहिलं तर कबुतर दिसण्याची शक्यता चांगली. माहेबूरजवळचं ईल ओ एग्रेत हे २६ हेक्टरचं चिमुकलं बेट तर अशा पुनर्वसनाची प्रयोगशाळाच आहे. होडीने काही मिनिटं, मार्गदर्शकाबरोबर दीड-दोन तासांची फेरी, वाटेत मोठाली कासवं. गंमत म्हणजे ज्वालामुखीच्या मॉरिशसला खेटून असलेलं हे बेट प्रवाळाच्या चुनखडीचं आहे. ज्याला चालायचंच आहे त्याला ल मोर्न आहे: ५५६ मीटरचा एकटा कातळ, खालची वाट सोपी, वरची हाताने धरत चढायची. सकाळी सहाला सुरुवात करावी, दहानंतर कातळ तापतो. पावसानंतर वरच्या टप्प्याला हात लावू नये.

डोडो मॉरिशसचा, रियुनियनवर तो कधीच नव्हता. तरी रियुनियनच्या लोकप्रिय बिअरवर डोडोचंच चित्र आहे. भावंडांत एवढं चालायचंच.

बाकीचं झटपट. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर दोन्हीकडे उत्तम. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर मॉरिशसला गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आरत्या म्हणतात. त्या दिवशी दुकानं आणि वेळापत्रकं आधी तपासावीत. मॉरिशसमध्ये गाडी आपल्यासारखी डावीकडून, रियुनियनमध्ये उजवीकडून, आणि तीही घाटात. रियुनियन फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही, त्यामुळे युरोपचा व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. चौकशी तिकिटाच्या आधी करावी. इंग्रजीवर मॉरिशसमध्ये भागतं, रियुनियनच्या डोंगरात नाही.

आठ दिवसांहून कमी असतील तर एकच बेट. गुडघे शाबूत असतील तर शेंडेफळ. लहान मुलं, आजी-आजोबा किंवा पोहण्याची ओढ असेल तर मधलं. दहा-बारा दिवस असतील तर दोन्ही, पण आधी रियुनियन. तिथे ढगांमुळे एखादा दिवस वाया जातोच, तो पुढे सरकवायला जागा राहते, आणि दुखरे पाय नंतर मॉरिशसच्या कोमट पाण्यात सोडता येतात. मधल्या विमानाआधी हॉटेलच्या न्हाणीघरात जुन्या टूथब्रशने बुटांचे तळवे घासून घ्यावेत. पेरूच्या बिया फार बारीक असतात आणि खाचेत अडकून बसतात.