आमची वाटचाल: गंज दाखवून गाडी विकणारे

धंद्यात पडायच्या आधी मी पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर होतो. गिऱ्हाईक कोणता पार्ट मागतं यावरून त्याच्या गाडीचं दुखणं ओळखायची सवय तिथे लागली. 2012 साली धनकवडीत पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी, आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री सुरू केली. रविवारी कुटुंबं यायची, सोबत गाडीतलं कळणारा एक मेव्हणा असायचा. मेव्हणा टायरला लाथ मारायचा, मी पाच हजार कमी करायचो, आणि सगळे खूश. सात वर्षं असंच चाललं.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगरपर्यंत पाणी घुसलं, गाड्या एकमेकींवर चढल्या. नंतरच्या महिन्यांत बाजारात छान धुतलेल्या, अत्तराचा वास मारणाऱ्या गाड्या स्वस्तात फिरू लागल्या. त्यातली एक मी घेतली. नाना पेठेत तयार झालेला माणूस, मला कोण फसवणार! ती एका निवृत्त एसटी ड्रायव्हर काकांना विकली. पंधरा दिवसांत पॉवर विंडो बसल्या, मग मीटरवरचे दिवे वाट्टेल तेव्हा लागायला लागले. काका शेडवर आले, एका शब्दाने भांडले नाहीत. ड्रायव्हरचा सीट बेल्ट त्यांनी पार शेवटपर्यंत ओढला आणि माझ्यासमोर धरला. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या त्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ होती. गाडी परत घेतली, पैसे दिले. त्यासाठी बायकोची एफडी मोडली, आणि ते मला अजूनही ऐकायला मिळतं.

त्यातून सावरतोय तोवर मार्च 2020 उजाडला आणि शेडला कुलूप लागलं. थोडी मोकळीक मिळाल्यावर फोन मात्र वाजू लागले. बसने, रिक्षाने जायची लोकांना भीती, म्हणून गाडी हवी. पण ती बघायला घराबाहेर पडायची तयारी नाही. व्हिडिओ कॉलवर पहिली गाडी घेतली ती कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. मी बोनेट उघडून सुरुवात केली, तर म्हणाल्या, "ते बंद कर, त्यातलं मला कळत नाही. चारही दारं एकेक करून लाव, मला आवाज ऐकू दे." तीन दारं धप्प वाजली, मागचं डावं खडखडलं. "हे दार बदललंय ना रे?" बदललेलं होतं, आणि मी बोललो नव्हतो. दहा हजार कमी करून त्यांनी गाडी घेतली.

त्या दिवसापासून आमचा व्हिडिओ गाडीच्या दोषांपासून सुरू होतो. आधी ओरखडे, गंज, बदललेला पत्रा. रंगाची जाडी मोजायचं मीटर प्रत्येक पत्र्यावर टेकवून आकडा दाखवतो. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो, एखाद्या दारावर 300 दिसला तर तिथे काम झालंय. टायरच्या बाजूवर कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडेही जवळून दाखवतो. 3218 म्हणजे 2018 च्या 32 व्या आठवड्यातला टायर; नक्षी कितीही शाबूत दिसू दे, रबर म्हातारं झालेलं असतं.

घरबसल्या गाडी घेणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते. गाडी दारात पोचते तोवर इंजिन तापलेलं असतं, आणि तापलेलं इंजिन बऱ्याच गोष्टी झाकतं. म्हणून सकाळी सातला, गार इंजिनाला पहिला स्टार्टर मारताना सायलेन्सरवर कॅमेरा लावतो. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. मग जुन्या कात्रज घाटाच्या चढावर नेतो. इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. गिऱ्हाईक चहा पीत हे सगळं बघतं.

कागदपत्रं बायकोकडे. आरसी, ई-चलनं, कर्जाचा बोजा हे ती टोकन घेण्याआधीच तपासते. बोजा असेल तर तो आरसीवरून उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. विम्याबाबत तर रोज तेच समजावावं लागतं: पॉलिसी 14 दिवसांत आपल्या नावावर करायला द्या, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीसोबत येत नाही, तो जुन्या मालकाचा. जानेवारी 2025 मध्ये जुन्या गाड्यांवर सरसकट 18 टक्के जीएसटी झाल्यावर महिनाभर लोक घाबरून फोन करत होते. आम्हाला तो आमच्या नफ्यावर भरायचा असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, एवढं सांगितलं की फोन ठेवायचे.

आता शेड थोडी मोठी झाली आहे आणि हाताखाली दोन पोरं आहेत. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्याला एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून दोघं कुठल्याही गाडीत बसले की चावी लावायच्या आधी बेल्ट ओढतात. काल एक गाडी आली होती, पांढरी, एका मालकाची, भावही बरा. नऊ वर्षांची गाडी आणि चारही बेल्ट नवे कोरे. पोराने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, गाडी चहा न पाजता परत पाठवली.