फॉर्मवरचा ‘अंकल’ आणि एनके-टी पेशींचं शून्य

शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास आमच्या फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींना खुणेच्या अँटीबॉडी लावून एकेक मोजण्याच्या) प्रयोगशाळेत हिरव्या बुचाची ट्यूब आली. ५ वर्षांचा मुलगा, १६ दिवसांचा ताप, यकृत आणि प्लीहा वाढलेली, दाह दाखवणारं फेरिटिन ९,००० च्या वर, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन कमी, ११०, प्लेटलेट ३८ हजार. रक्तात ईबीव्ही (एप्स्टाइन-बार) विषाणूचा डीएनए भरपूर. वॉर्डने एचएलएच लिहिलं होतं, म्हणजे संरक्षक पेशीच अनावर होऊन स्वतःच्या मज्जेवर आणि यकृतावर उठलेल्या. ते बरोबरच होतं. आम्हाला शोधायचं होतं ते यामागे जन्मजात दोष आहे का. कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात इंग्रजीत एवढंच : अंकल, लहानपणी मृत्यू.

समोरच्या पेशीला भोक पाडणारं परफोरिन हे प्रथिन भरपूर दिसलं. एनके पेशींना (बाधित पेशी मारणाऱ्या संरक्षक पेशींना) डिवचून सीडी१०७ए ही हत्यार बाहेर आल्याची खूण बघितली, तीही ठीक. म्हणजे मारायचं हत्यार आहे आणि ते बाहेरही काढता येतं. मुलगा, त्यात ईबीव्ही, त्यात एचएलएच असं जुळून आलं की एक्सएलपीचा, म्हणजे एक्स गुणसूत्रावरून येणाऱ्या, ईबीव्हीपुढे हतबल करणाऱ्या जन्मजात आजाराचा संशय घ्यायलाच हवा. या आजाराच्या पहिल्या प्रकारात एक्स गुणसूत्रावरचं एसएच२डी१ए हे जनुक बिघडतं, सॅप नावाचं छोटं प्रथिन बनत नाही, आणि रक्तातून एक पेशीवर्ग जवळजवळ पूर्ण नाहीसा होतो : इनव्हेरियंट एनके-टी पेशी. हे २००५ मध्ये कळलं.

या पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत, जिथे टी पेशी तयार होतात तिथे, वेगळ्याच रीतीने निवडल्या जातात. बाकीच्या टी पेशींची परीक्षा तिथल्या अस्तराच्या पेशी घेतात. एनके-टीची परीक्षा शेजारच्याच कोवळ्या टी पेशी घेतात, सीडी१डी या रेणूवर मेदाचा तुकडा धरून. त्या वेळी दोन्ही पेशींवरचे स्लॅम कुळातले रेणू एकमेकांना भिडतात आणि तो संदेश आत पोचवायला सॅप लागतं. सॅप नसेल तर पेशी तिथेच संपते. जी तयार होते तिच्याकडे इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-४ या संदेशवाहक प्रथिनांचा एमआरएनए आधीच लिहून ठेवलेला असतो, म्हणून संसर्गानंतर दिवसांत नाही, तासांत ती कामाला लागते. न्यूमोकॉकसचे किंवा स्फिंगोमोनासचे शर्करामेद ती थेट ओळखते. जंतूकडे ओळखीचा मेद नसला तरी आयएल-१२ आणि आयएल-१८ च्या हाकेवर उठते.

पण निरोगी माणसातही त्या एकूण टी पेशींच्या साधारण ०.०१ ते ०.१ टक्केच, आणि नेहमीची चूक इथेच होते. आमचा रोजचा प्रोटोकॉल ५० हजार लिम्फोसाइट मोजून थांबतो. त्यात टी पेशी आल्या ३० हजार. निरोगी मुलात तेवढ्यात ३ ते ३० ठिपके दिसायचे. या मुलात दिसले २. त्यावरून ‘कमी आहेत’ एवढंही म्हणता येत नाही.

म्हणून उरलेलं सगळं रक्त लावलं. लिम्फोसाइट आधीच कमी, पेशी वेगळ्या करणाऱ्या फायकॉल द्रवावर घातलं असतं तर आणखी गळती झाली असती. सरळ लाल पेशी फोडल्या. टी पेशींची खूण सीडी३, एनके-टीच्या रिसेप्टरचा एक भाग व्हीबीटा११, आणि तिचा ठरावीक रिसेप्टर ओळखणारी ६बी११ ही अँटीबॉडी. सोबत बी पेशी वगळायला सीडी१९, मेलेल्या पेशी पकडायला ७-एएडी. आणखी एक ट्यूब तुलनेसाठी, ६बी११ न घालता. निरोगी कंट्रोल त्याच दिवशीचा, त्याच अँटीबॉडीच्या मिश्रणातला. गती मंद ठेवून ६ लाख टी पेशी जमवल्या. कंट्रोलमध्ये ३१० पेशींचं घट्ट बेट, ०.०५ टक्क्यांच्या आसपास. मुलाच्या प्लॉटवर ११ विखुरलेले ठिपके. एकमेकींना चिकटलेल्या जोडपेशी काढल्या, ७ राहिले. ७-एएडीचं गेट लावून मेलेल्या वगळल्या, २ राहिले. ते दोन्ही सीडी१९ वर निघाले, म्हणजे बी पेशी.

६ लाखांत शून्य आलं तर ‘नाहीत’ असं मी लिहीत नाही. शून्याची वरची मर्यादा काढायला तीनला ६ लाखांनी भागायचं : ०.०००५ टक्क्यांपेक्षा कमी. आणि एवढ्यावर निदानही करत नाही. ऐन संसर्गात चेतवलेली एनके-टी पेशी आपला रिसेप्टर आत ओढून घेते, तेव्हा ती असूनही दिसत नाही.

सॅपची ट्यूब लावता लावता वॉर्डला फोन केला. ‘अंकल’ म्हणजे काका की मामा? रेसिडेंटने फोन आजींपुढे धरला. “मामा हो. माझा धाकटा. ताप उतरेचना, मग काविळीनं गेला म्हणाले. आणि मोठीचा मुलगाही तसाच.” मामा आणि मावसभाऊ, दोन्ही आईकडचे. काका असता तर आमच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नव्हता. आता आम्ही फॉर्मवर मराठीतले नातेशब्दच लिहून घेतो.

पेशी फिक्स करून, भोकं पाडून सॅपची अँटीबॉडी आत सोडली. मुलाच्या सीडी८ (मारेकरी टी) आणि एनके पेशींचा आलेखावरचा डोंगर आयसोटाइप कंट्रोलवर, म्हणजे सॅप न ओळखणाऱ्या अँटीबॉडीच्या डोंगरावर, तंतोतंत बसला : सॅप नाही. संध्याकाळी आईचं रक्त मागवलं : दोन उंचवटे, एक सॅप असलेला, एक नसलेला. वाहक आईचं चित्र असंच दिसतं. (आजारी मुलाचं सॅप दिसलं असतं तरी सुटका नव्हती, काही बदलांत प्रथिन बनतं पण काम करत नाही. जनुकाचे चारही एक्सॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे, वाचावेच लागतात.)

एनके-टी नाहीत म्हणून ईबीव्ही बळावला, इतकं सरळ मात्र मी म्हणणार नाही. सॅप नसेल तर सीडी८ आणि एनके पेशींवरचा २बी४ हा रिसेप्टर चेतवण्याऐवजी लगाम घालतो, आणि ईबीव्हीने भरलेली बी पेशी समोर असूनही मारली जात नाही. माझ्या मते मोठा घाव तो. रात्रीच रिटुक्सिमॅब ठरलं, विषाणूचं घरच, म्हणजे बी पेशी, काढण्यासाठी. अनावर पेशींना आवरणारं डेक्सामेथासोन आणि इटोपोसाइड चालूच होतं.

पुढचा उपाय मज्जारोपण. सोमवारी भावंडांचं एचएलए (दाता जुळतो का ते पाहणारी चाचणी) पाठवायचं ठरत होतं : ८ वर्षांची ताई आणि ११ महिन्यांचा धाकटा. धाकट्याची ट्यूब आधी आमच्याकडे द्या, असं सांगितलं. १ मिली जांभळ्या बुचात. या वयात आईच्या अँटीबॉडी उरलेल्या असू शकतात, तेव्हा ईबीव्हीचा आयजीजी (अँटीबॉडीची चाचणी) निरुपयोगी, विषाणूचा डीएनए शोधणारा पीसीआरच लावला. विषाणू नव्हता. सॅपही नव्हतं, आणि अडीच लाख टी पेशींत एनके-टी एकही नाही. खेळत, रांगत असलेलं मूल.

दात्यांच्या यादीतून त्याचं नाव काढलं आणि त्याची स्वतंत्र फाइल उघडली : इम्युनोग्लोब्युलिनची पातळी, दर महिन्याला ईबीव्ही पीसीआर, आणि त्याच्यासाठीही दात्याचा शोध.