टर्मिनलात सापडते, एडिटरात सापडत नाही

पणजी, बुधवार. सकाळपासून पाऊस. दुपारी वीज दोनदा गेली.

वीज गेली-आली की ही तक्रार हमखास येते: काल कोड लिहायच्या एडिटरातून फॉर्मॅटर (कोडची मांडणी नीट करणारा प्रोग्रॅम) चालत होता, आज ‘कमांड नॉट फाउंड’. टर्मिनलात तीच कमांड सुरळीत. मशीनवर कुणी काही बदललेलं नसतं. बदललेला असतो एडिटरचा बाप, म्हणजे त्याला सुरू करणारा प्रोग्रॅम. काल एडिटर टर्मिनलात नाव टाइप करून उघडला होता, त्यामुळे शेलचा, म्हणजे टर्मिनलात कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, सगळा पाथ (कमांड ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी) त्याच्या पदरात पडला. वीज आल्यावर मॅकने तो आपणहून परत उघडला, म्हणजे आता जन्म लाँचडीच्या पोटी (मॅकवर बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारी मूळ प्रोसेस). लाँचडीच्या गाठीला चारच फोल्डर: /यूएसआर/बिन, /बिन, /यूएसआर/एसबिन, /एसबिन. प्रोग्रॅम बसवायला वापरतो त्या होमब्रूचं /ऑप्ट/होमब्रू/बिन त्यात कुठून येणार? गोव्याच्या वारसा कायद्यात मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव राहते. प्रोसेसला तेवढंही संरक्षण नाही, बाप देईल ते घ्यायचं.

शेलच्या सेटिंगच्या फाइलींना हात लावण्याआधी दोन्हीकडचा पाथ बघावा. टर्मिनलात ‘प्रिंटएन्व्ह पाथ’. एडिटरात मात्र त्याच्या आतल्या टर्मिनलात नव्हे! बहुतेकजण तिथेच फसतात. आतलं टर्मिनल नवा शेल सुरू करतं, तो झेडएसएचआरसी ही आपली सेटिंगची फाइल वाचतो आणि पाथ अगदी ठीक दाखवतो. फॉर्मॅटर चालवतो तो एडिटर स्वतः, त्याला विचारायचं. एडिटर विम असेल तर त्यात ‘:एको $पाथ’, ईमॅक्समध्ये ‘मेटा-एक्स गेटएन्व्ह’.

ईमॅक्सची आणखी एक खोड: त्याच्याकडे दोन याद्या असतात. एक पाथ, दुसरी एक्झेक-पाथ. सेटएन्व्हने पहिलीच बदलली तर शेल-कमांडला प्रोग्रॅम सापडतो, पण लँग्वेज सर्व्हर (कोडमधल्या चुका नि सूचना दाखवणारा प्रोग्रॅम) उठत नाही, कारण ईमॅक्स थेट सुरू करतो तो प्रोग्रॅम दुसऱ्या यादीत शोधतो. एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल हे पॅकेज दोन्ही याद्या शेलला विचारून भरतं.

आता फाइली. झेडशेल (मॅकचा नेहमीचा शेल) झेडएसएचईएनव्ही प्रत्येक वेळी वाचतो, झेडप्रोफाइल लॉगिन म्हणून सुरू झाला तर, झेडएसएचआरसी इंटरॅक्टिव्ह, म्हणजे आपण टाइप करायला उघडला तर. एडिटर ‘-सी’ लावून कमांड चालवतो तेव्हा यातली पहिलीच वाचली जाते. म्हणून पाथ तिथेच कोंबायचा मोह होतो. मॅकवर तो अंगाशी येतो: लॉगिन शेलमध्ये त्यानंतर /ईटीसी/झेडप्रोफाइलमधला पाथ-हेल्पर चालतो आणि सिस्टिमचे फोल्डर पुढे आणून आपले मागे ढकलतो. मग ‘नॉट फाउंड’ येत नाही, सिस्टिमचं जुनं गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) गुपचूप चालतं. हे जास्त वाईट. पाथ झेडप्रोफाइलमध्ये ठेवावा, एलियस (कमांडची टोपणनावं) नि प्रॉम्प्ट झेडएसएचआरसीत. एकाच नावाच्या किती प्रती आहेत ते ‘टाइप -ए गिट’ क्रमाने सांगतं. नुसत्या ‘विच’वर विसंबू नये, बॅश या दुसऱ्या शेलमध्ये तो बाहेरचा प्रोग्रॅम, एलियस त्याला दिसत नाहीत.

व्हीएस कोड हा एडिटर डॉकवरून उघडला तर स्वतःच मागे एक लॉगिन आणि इंटरॅक्टिव्ह शेल चालवून पाथ विचारून घेतो. थांबतो १० सेकंद. झेडएसएचआरसीत एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या बदलणारं साधन; नोड जावास्क्रिप्ट चालवतो) आणि चार प्लगइन भरलेले असले की तेवढ्यात उत्तर येत नाही. सेटिंगमध्ये मुदत वाढवता येते, पण ती मलमपट्टी झाली. ‘टाइम झेडएसएच -आय -एल -सी एक्झिट’ चालवून शेल उघडायला किती वेळ लागतो ते बघावं आणि जे रेंगाळतं ते काढावं. एनव्हीएम तर मुळात शेलचं फंक्शन, एडिटरला ते दिसतच नाही. तिथे नोडचा पूर्ण पाथ सेटिंगमध्ये लिहिलेला बरा. आवृत्ती बदलली की तोही बदलावा लागतो, एवढंच.

बदल केल्यावर खिडकी बंद करून चालत नाही, मॅकवर प्रोसेस जिवंत राहते. कमांड-क्यू. आणि तपासताना एडिटर डॉकवरूनच उघडावा. टर्मिनलातून उघडला तर बिघाड असूनही सगळं पास होतं. आत्ता तिसऱ्यांदा वीज गेली. आल्यावर मॅक सगळं आपणहून उघडेल, तेव्हा फॉर्मॅटर चालतो का ते कळेलच.