कंकणद्वीपाची प्रतिकृती, नोंद सातवी: खारकच्छ अखेर नितळ

तिसऱ्या प्रयत्नात खारकच्छाचे, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ सरोवराचे, पाणी नितळ उतरले आणि पावसाळाभर रखडलेली लक्षद्वीपच्या कंकणद्वीपाची (कड्याच्या आकाराच्या प्रवाळबेटाची) प्रतिकृती पुन्हा मार्गी लागली. पाणी म्हणून ओततो त्या रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात) बुडबुडे धरत होते आणि मागच्या नोंदीत मी सारा दोष रेझिनच्या डब्याला दिला होता. तो मागे घेतो.

ज्वालामुखी खचत जातो आणि त्याच्या कडेची प्रवाळभिंत उजेडाच्या ओढीने वर वाढत राहते, ही डार्विनने १८४२ मध्ये मांडलेली उपपत्ती उभ्या छेदात दाखवायची असल्याने माझी भिंत जाड प्लास्टर ऑफ पॅरिसची आहे, आणि बुडबुडे त्या प्लास्टरमधूनच येत होते. रेझिन घट्ट होताना तापते, त्या उष्णतेने सच्छिद्र प्लास्टरमधली हवा फुगून बाहेर पडते आणि नेमकी भिंतीच्या आतल्या कडेला फेसासारखी अडकते. दमट हवेमुळे वर धरणारी पांढुरकी साय ही निराळीच अडचण होती, परंतु दोन्ही एकदम दिसल्याने उलगडा होत नव्हता. या वेळी प्लास्टर आठवडाभर बल्बच्या उबेत वाळवले, त्यावर पातळ रेझिनचे दोन हात दिले, आणि झाकलेल्या खोक्यात पाच-पाच मिलिमीटरचे थर ओतले. छटेसाठी तयार रंगांपेक्षा निळ्या अल्कोहोल शाईचा एक थेंब मला कितीतरी सरस वाटतो.

दुसऱ्या थरात पोपटमासा बसवला आहे. प्रवाळ खरवडून खाणारा आणि त्याची वाळू करून टाकणारा हा मासा तळाच्या पांढऱ्या वाळूवर फार शोभतो.

हे लिहितानाच तळाचा विचार बदलला. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनेवेटक या कंकणद्वीपावर प्रवाळांची सुमारे १,४०० मीटर चुनखडी भेदल्यावर बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक, लागला आणि डार्विनला दुजोरा मिळाला. तोच बेसॉल्ट मी रंगवलेल्या थर्माकोलने दाखवत होतो. लक्षद्वीपखालचा कटक (समुद्रतळावरची डोंगररांग) ज्या तप्तबिंदूच्या, म्हणजे भूगर्भातून लाव्हा वर येत राहणाऱ्या ठिकाणाच्या, वाटेवर घडला, त्यानेच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला असे मानले जाते. मग सह्याद्रीची खरी खडी घरात असताना थर्माकोल कशासाठी? वजन वाढेल, म्हणून खालची प्लायवूडची फळी १८ मिलिमीटरची घेईन. त्याच वेळी बेटही पूर्वेकडच्या भिंतीवर हलवतो, कारण लक्षद्वीपची बेटे बहुतेक पूर्वेला असून खारकच्छ पश्चिमेला आहे आणि माझ्या साच्यात ते उलटे झाले होते.