पुरे किती, हे पगाराआधी ठरवा

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ सोलापुरात म्हणताना जरा गंमत वाटते. इथे ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, मंद आचेवर वाळवून कडक करायची आणि दिवसच्या दिवस टिकवायची रीत. कडेला ओल राहिली तर मात्र बुरशी धरलीच म्हणून समजा. मग साठवण हा अविश्वास का?

बायबलातलं निर्गम 16 वाचा. इजिप्तमधून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात देव रोज मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, देत असे: माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. ज्यांनी सकाळपर्यंत जपून ठेवला, त्यांच्या मान्नाला किडे पडून घाण सुटली. पण सहाव्या दिवशी शब्बाथासाठी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या विसाव्यासाठी, गोळा केलेला दुप्पट मान्ना नासला नाही. म्हणजे साठवण वाईट नाही, ती कशासाठी हे ठाऊक नसणं वाईट.

म्हणून पहिलं काम कागद-पेनाचं. हप्त्याचा पगार हातात पडण्याआधी 'पुरे'चा आकडा लिहा. समजा आठवड्याला 3,000 रुपये येतात. दशमांशाचे, म्हणजे देवासाठी काढलेल्या दहाव्या हिश्श्याचे, 300 पाकिटात, तेही आधी. भाडं, किराणा, लाईट बिल, फी, औषध मिळून 2,200. उरले 500. डोक्यावर कर्ज असेल तर ते तिकडे. नसेल तर यंत्रमाग बंद पडतील त्या आठवड्यांसाठी. चार आठवड्यांचा खर्च 8,800, म्हणजे अठरा आठवडे लागतात. तेवढे जमले की थांबा आणि पुढचे 500 कोणाला लागतात ते बघा. मान्नाच्या त्याच गोष्टीतली ओळ प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (2 करिंथ 8) वर्गणी मागताना घातली आहे: ज्याने पुष्कळ गोळा केलं त्याला जास्त झालं नाही, थोडं गोळा केलं त्याला कमी पडलं नाही.

बिघडतं ते पगार वाढल्यावर. 200 वाढले की 'पुरे'सुद्धा गुपचूप 200 ने वाढतं. आकडा बदलायची कारणं तीनच धरा: खाणारं तोंड वाढलं, आजारपण आलं, शिक्षण वाढलं. शेजाऱ्याचा टीव्ही यात बसत नाही.

दुसरी चूक भाविक माणसं करतात, उसने काढून अर्पण देतात. त्याच अध्यायात पौल म्हणतो, जवळ जे आहे त्याच्या मानाने द्या, नाही त्याच्या मानाने नव्हे. 'पेरा, शंभरपट मिळेल' असं सांगणारे मार्क 10 मधलं त्याच वाक्यातलं 'छळणुकीबरोबर' गाळतात. मला तरी तो लॉटरीच्या तिकिटाचाच प्रकार वाटतो.

आणि हो, समाधानी राहा हा उपदेश मजुरी बुडवणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. याकोब 5:4 मध्ये अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. विडीचा दर वाढवून मागणारी बाई असमाधानी नाही, हिशेबाची पक्की आहे.

पौल फिलिप्पै 4 मध्ये 'आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे' म्हणतो, तेही बंदिवासात. जन्मजात नव्हतं ते. शिवाय फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती पाठवलेली मदत त्याने आनंदाने घेतली. घेता न येणं हाही एक गर्वच. आपल्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, पण तेव्हा वय पंचावन्नच्या पुढे आणि बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झालेली. घरात लहान लेकरं असताना त्यांची नक्कल करू नये.

राहिली दहावी आज्ञा: शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको. तिथे शेजाऱ्याचा बैल आणि गाढव आहे, आपल्याकडे उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात लागलेली नवी गाडी असते. उपाय एकच चालतो: रात्रीच्या प्रार्थनेत त्या घराचं नाव घेऊन त्या गाडीबद्दल देवाचे आभार माना. पहिले दोन-तीन दिवस शब्द घशातच अडकतात. नाताळच्या आठवड्यात, नव्या साड्या दिसायला लागल्या की, हे रोज करावं लागतं.