चौकटीखालचं नाव

रविवार पुरवणीचं पान गुरुवारी संध्याकाळी छपाईला जातं, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. ऑस्करचे अंदाज आम्ही सोहळ्याच्या तीन-चार दिवस आधीच बांधून मोकळे होतो. ६ फेब्रुवारी २०२० च्या गुरुवारी मी असंच एक पान छपाईला सोडलं. त्यातली एक चौकट अजून डोक्यातून जात नाही.

त्या पानाची सगळी भिस्त माझ्या एक्सेल शीटवर होती. तिचा मला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे. आडव्या ओळींत चित्रपट, उभ्या रकान्यांत आधीचे पुरस्कार. निर्मात्यांच्या गिल्डच्या, म्हणजे संघटनेच्या, पुरस्काराला सगळ्यात जास्त वजन, कारण २००९ पासून तिथलं मतदान ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासारखंच पसंतीक्रमानं होतं. त्यानंतरच्या दहा वर्षांत आठ वेळा दोन्हीकडचा विजेता एकच निघाला होता (एका वर्षी गिल्डमध्ये बरोबरी झाली होती, ती धरून). मग दिग्दर्शकांचं गिल्ड, ब्रिटनचा बाफ्टा, गोल्डन ग्लोब. त्या वर्षी या चारही रकान्यांत एकच नाव होतं: '१९१७' हा युद्धपट. शीट हिरवीगार. अशा वेळी माणूस विचार करायचं थांबतो.

माझ्या हाताखाली तेव्हा एक नवी मुलगी होती, जेमतेम दीड वर्षाचा अनुभव. तिनं अंदाज म्हणून 'पॅरासाइट' हा कोरियन चित्रपट लिहून दिला. मी म्हटलं, "अगं, तो आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर घेऊन जाईल, मतदारांचं समाधान तिथेच होईल. गेल्या वर्षी 'रोमा'चं काय झालं? दिग्दर्शन मिळालं, चित्रपट नाही मिळाला." शिवाय तोवरच्या ९१ सोहळ्यांत इंग्रजीबाहेरच्या चित्रपटाला हा पुरस्कार एकदाही मिळाला नव्हता. माझ्या मते विषय संपला होता.

तिनं वाद घातला नाही. फोन काढला आणि १९ जानेवारीच्या अभिनेत्यांच्या गिल्डच्या सोहळ्याचा तुकडा दाखवला. 'पॅरासाइट'ची मंडळी स्टेजवर येतात आणि अख्खा हॉल उभा राहतो. "सर, यांना अजून बक्षीस जाहीर झालेलं नाहीये. हे फक्त आपल्या सिनेमाची ओळख करून द्यायला आलेत." थोड्या वेळानं त्यांना बक्षीसही मिळालं, ते मला माहीत होतं. पण बक्षिसाच्या आधीचं ते उभं राहणं मी पाहिलंच नव्हतं. ऑस्करसाठी मतदान करणाऱ्या अकॅडमीत सगळ्यात मोठी शाखा अभिनेत्यांची, हेही माहीत होतं. मी तुकडा पुन्हा एकदा लावायला सांगितला आणि मग म्हटलं, "टाळ्या शीटमध्ये कुठे भरू?"

चांगलं वाक्य होतं ते. डेस्कवर दोघं-तिघं हसले.

चौकटीत दोन वेगवेगळे अंदाज छापायला हरकत नव्हती. पण आमच्या साहेबांना एकमत आवडतं. दोन नावं दिली की वाचकाला वाटतं, यांनाच काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. (वाचक इतका भोळा असतो असं संपादकांना का वाटतं, देव जाणे.) पण दोष त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही, त्यांनी ते पान पाहिलंही नव्हतं. तिची ओळ मी माझ्या हातानं खोडली, 'आमचा कौल' असं शीर्षक दिलं आणि खाली आम्हा दोघांची नावं टाकली. तिला विचारलं नाही. जागाही वाचली, चार ओळींची.

या सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. 'पॅरासाइट' मी आधीच्या वर्षी एका महोत्सवात पाहिला होता, आणि निवडून पाहिला होता. महोत्सवातली निवड हे माझं खरं कसब. कॅटलॉगमधला कथासार मी वाचतच नाही, सगळे कथासार एकाच माणसानं लिहिल्यासारखे असतात. छायालेखक कोण, संकलक कोण, आधीचा चित्रपट कोणता, आणि दोन खेळांमध्ये एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये पोचायला वेळ उरतो का, एवढंच पाहतो. एरवी अंधारात वहीची तीन-तीन पानं भरतात. त्या दिवशी वहीत दोनच ओळी: 'जिना. पाणी खालीच जातं.' पुढे लिहायचं भानच राहिलं नाही. बाहेर पडल्यावर पुढच्या खेळाची रांग सोडून मी तसाच चालत सुटलो.

म्हणजे मला तो चित्रपट हलवून गेला होता. हॉलिवूडमधल्या लोकांनाही तसाच हलवेल, हे मात्र मी मानायला तयार नव्हतो. पसंतीक्रमाच्या मतदानावर मीच एक लांबलचक लेख लिहिलेला आहे: सगळ्यात कमी पहिली मतं ज्याला, तो बाद, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात, कुणीतरी पन्नास टक्क्यांच्या वर जाईपर्यंत हेच चालू. म्हणजे बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असणारा चित्रपटही जिंकू शकतो. हे ज्याला लिहिता येतं त्यानं चार रकाने मोजत बसावं?

बरं, मोजायचं तर नीट मोजायचं. १९८१ ते २०१३ या वर्षांतल्या प्रत्येक सर्वोत्कृष्ट चित्रपटाला संकलनाचं नामांकन होतं. 'पॅरासाइट'ला ते होतं, '१९१७'ला नव्हतं. मी तिथे 'बर्डमॅन'चा अपवाद पुढे केला: तोही एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखा, त्यालाही संकलनाचं नामांकन नव्हतं, तरी जिंकला. अपवाद सोयीचा होता. आणि अकॅडमीनं २०१८ मध्ये ९२८ आणि २०१९ मध्ये ८४२ जणांना सदस्यत्वाचं निमंत्रण दिलं होतं, त्यांत अमेरिकेबाहेरचे पुष्कळ. माझ्या शीटमधली जुनी वर्षं ज्या मतदारांची होती, ते मतदार आता तेवढेच उरले नव्हते. ही बातमी डेस्कवरून मीच सोडली होती, दोन्ही वर्षी.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर. '१९१७' जिंकल्याच्या बातमीची तयार कॉपी, शीर्षकासकट, सिस्टीममध्ये. दिग्दर्शनासाठी '१९१७'च्या सॅम मेंडिसऐवजी 'पॅरासाइट'च्या बाँग जून-हो यांचं नाव आलं तेव्हाच पोटात गोळा आला. मग सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर करायला अभिनेत्री जेन फोंडा आल्या, पाकीट उघडलं आणि क्षणभर थांबल्या. त्या थांबण्यातच मला कळलं. 'पॅरासाइट'चे निर्माते बोलत असताना आयोजकांनी स्टेजवरचे दिवे मंद केले, तर समोरच्या रांगांतून ओरडा सुरू झाला, दिवे वर घ्या म्हणून. तेच हॉलभर उभं राहिलेले लोक. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं खुर्ची पुढे ओढली होती आणि टाइप करायला सुरुवातही केली होती.

पहिल्या पानाची बातमी मी तिलाच दिली, तिच्या नावानं. चाळीस मिनिटांत आली. कॉपी तपासताना खोडण्यासारखं काही सापडलं नाही. एक वाक्य घालावंसं मात्र वाटलं, की हा अंदाज आमच्याच प्रतिनिधीनं आधी वर्तवला होता. कर्सर तिथे नेला, वाक्य अर्धं टाइपही केलं. मग आठवलं की कालची पुरवणी घराघरांत पडून आहे, आणि तिथे 'आमचा कौल: १९१७' च्या खाली तिचं नाव आहे.

वाक्य पुसलं. ती शेजारीच उभी होती, "सर, सोडू का?" म्हणाली. मी म्हटलं, "सोड."